असेंबल कॉम्प्युटर, ‘फुकट’चं विंडोज आणि पोरीचं गेलेलं इन्स्टा: वसमतकडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या नात्यातल्या एका घरातलं आहे. नावं घेत नाही, गाव वसमतच्या बाजूचं एवढं पुरे. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक, मामी घर सांभाळून शेताचं सगळं बघतात, आणि पोरगी नांदेडला पॉलिटेक्निकला, सिव्हिलला. मी नांदेडला एका ऑफिसात कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो, म्हणून असलं काही झालं की फोन माझ्याकडं येतो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यात यांचं सोयाबीन गेलं आणि हळदीत पाणी थांबलं. पोरीला चांगला लॅपटॉप घ्यायचं ठरलेलं होतं ते तिथंच मागं पडलं. शेवटी दिवाळीच्या तोंडावर नांदेडच्या एका दुकानातून असेंबल डेस्कटॉप घेतला, आठव्या पिढीचा इंटेलचा वापरलेला प्रोसेसर, 8 जीबी रॅम, नवी एसएसडी आणि जुना मॉनिटर. या बजेटमध्ये मशीन वाईट नव्हतंच, हे आधी सांगतो, कारण नंतर सगळे मशीनलाच शिव्या द्यायला लागले होते.

दुकानातल्या पोरानं सांगितलं की विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, अँटिव्हायरस सगळं टाकून देतो, त्याचे पैसे नाहीत. आणि एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, ते पण टाकून ठेवतो, कधी प्रॉब्लेम आला तर इथं बसल्या जागी करून देतो. मामांना हे लई सोयीचं वाटलं, कोणालाही वाटलं असतं, गावातून नांदेडला सीपीयू उचलून न्यायचा म्हणजे दिवस जातो. बिलावर फक्त हार्डवेअर होतं, विंडोजचा उल्लेख कुठंच नव्हता. टाकलेलं होतं विंडोज 10, ज्याचे मोफत सिक्युरिटी अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केले, म्हणजे नवीन म्हणून घरी आलेल्या मशीनवरची सिस्टिम घरी येतानाच मुदत संपलेली होती.

कॉम्प्युटर घरी आल्यावर पूजा झाली, फायबरच्या राउटरला जोडला आणि सगळ्यांनी आपापलं लॉगिन करून टाकलं. मामांचं जीमेल, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल), यु-डायस प्लस (शाळेच्या माहितीचं पोर्टल), एकदा पगाराच्या खात्याचं नेटबँकिंग. पोरीचं इन्स्टा आणि कॉलेजचं पोर्टल. ब्राउझर विचारतो ना, पासवर्ड सेव्ह करू का, तिथं प्रत्येक वेळी हो. कॉम्प्युटर सुरू केला की पासवर्ड न विचारता सरळ डेस्कटॉप उघडायचा, आणि तेच एक खातं सगळे वापरायचे, ते पण ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलायची मुभा असलेलं.

अडचण

दिवाळी झाल्यावर पोरीला मैत्रिणींचे फोन यायला लागले की तुझ्या इन्स्टावर क्रिप्टोच्या स्टोऱ्या काय टाकायलीस, ‘मी एवढे टाकले, एवढे मिळाले’ असलं. तिनं बघायला गेलं तर ती स्वतःच लॉगआउट झालेली, पासवर्ड बदललेला, ईमेल बदललेला. त्याच दिवशी मामांच्या जीमेलला अनोळखी डिव्हाइसवरून लॉगिन झाल्याचा मेल येऊन पडला होता, त्यांनी तो वाचलाच नव्हता. मोबाईल हॅक झाला असंच घरातल्यांना वाटत होतं. पोरगी सारखी एकच म्हणत होती की मी तर टू स्टेप लावलेलं होतं दादा, ओटीपी आल्याशिवाय कसं काय गेलं.

मला तिथंच शंका आली. ओटीपी न येता खातं गेलं तर बऱ्याचदा पासवर्डच्या जोडीनं ब्राउझरमधल्या कुकीज पण गेलेल्या असतात. आपण एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, की हा माणूस आत आलेला आहे, याला परत विचारू नका. ती खूणच चोरून दुसऱ्या मशीनवर लावली तर साइटला वाटतं आपणच आहोत. असली चोरी करणारे प्रोग्राम एकदा चालले की सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करून पाठवायला त्यांना फार वेळ लागत नाही, आणि काही तर काम झालं की स्वतःला पुसून टाकतात. म्हणून नंतर स्कॅन मारला तर काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

गावी जाऊन मशीन बघितलं. विंडोज सिक्युरिटी उघडली तर रिअल टाइम प्रोटेक्शन बंद, आणि ते चालू करायचं बटण दबत नव्हतं, वर लिहिलेलं की ही सेटिंग तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरकडे आहे. मग एक्सक्लूजनच्या यादीत गेलो. एक्सक्लूजन म्हणजे डिफेंडरला, विंडोजमधल्याच अँटिव्हायरसला, सांगायचं की या फोल्डरकडं बघू नको. त्या यादीत दोनच ओळी होत्या, सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरकडं बघू नको. दुकानदारानं टाकलेला अँटिव्हायरस होता तो क्रॅक केलेला, म्हणजे लायसन्स चुकवून फुकट चालवलेला, त्याचे अपडेट येतच नव्हते. विंडोज अपडेटची सर्व्हिस बंद करून ठेवलेली. एनीडेस्कला कायमचा पासवर्ड लावलेला, म्हणजे इकडं कोणी ‘हो’ म्हणायची गरजच नाही, पासवर्ड ज्याला माहीत तो केव्हाही आत. आणि डी ड्राइव्हमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर, त्यात विंडोज आणि ऑफिस लायसन्स न घेता ॲक्टिव्हेट करायची टूल.

हे सगळं दुकानदारानं चोरी करायला केलं असं मी म्हणत नाही. ॲक्टिव्हेट करायची टूल डिफेंडर पकडतो, म्हणून ती चालवायची तर आधी डिफेंडर आंधळा करावा लागतो, आणि अपडेट आले तर क्रॅक उडतो म्हणून अपडेट बंद. एकच पेनड्राइव्ह सगळ्या मशीनला लावून ही पोरं काम उरकत्यात. पण परिणाम तोच झाला. पोरीनं कॉलेजच्या कामासाठी ऑटोकॅडचा (ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा) क्रॅक एका लिंकवरून उतरवला, झिप फाइल, तिला पासवर्ड लावलेला, आणि सोबत सूचना की अँटिव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड लावतात तो मुद्दाम, म्हणजे उतरवताना स्कॅनरला आतलं दिसत नाही. चांगल्या चालू असलेल्या डिफेंडरनं ती फाइल उघडल्यावर पकडायची बरीच शक्यता होती, इथं त्याचे डोळे आधीच बांधलेले. चोर नेमका या झिपमधून आला की दुकानाच्या टूलमधून, हे शोधत बसण्यात मी वेळ घातला नाही, कारण दोन्हीचा उपाय एकच होता.

या झिपचं मला जास्त वाईट वाटलं. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, कंपनीच्या साइटवर कॉलेजचा पुरावा देऊन खातं उघडायचं आणि दरवर्षी रिन्यू करायचं. पोरीला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय मामांचाच. पैसे तर गेले नाहीत की, मग दुकानात नेऊ, तो चांगला अँटिव्हायरस टाकून देईल. हा मी लगेच नको म्हणलं, ज्या पेनड्राइव्हनं हे झालं तोच परत लागणार होता.

दुसरा पर्याय साफसफाईचा. एक्सक्लूजन काढायचे, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मारायचा, नको ते अनइन्स्टॉल करायचं आणि चालू ठेवायचं. यात वेळ कमी जातो आणि डेटा जागेवर राहतो. कित्येक जण हेच करतात. पण ज्या सिस्टिममध्ये दुसऱ्यानं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मनाला येईल ते केलंय, तिथं आता सगळं निघालं असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. आणि मुदत संपलेलं, लायसन्स नसलेलं विंडोज 10 तसंच राहणार होतं.

तिसरा, सगळं पुसून लिनक्स टाकायचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम. पैसे शून्य, अपडेट रीतसर, ही क्रॅकची भानगडच नाही. मामांची कामं ब्राउझरमधली, मराठी टायपिंग तिथं पण होतं, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसमध्ये शाळेचे तक्ते उघडतात. मामा एकटे वापरणारे असते तर मी हेच केलं असतं. अडलं ते पोरीच्या ऑटोकॅडवर, ते लिनक्सवर चालत नाही.

चौथा, सगळं पुसून लायसन्सचं विंडोज 11. खर्च आहे आणि त्या वर्षी तो खर्च जड होता. घरात यावरून बोलाचाली झाली. मामी गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “प्रिंटर घ्यायचा होता ना, ते पैसे याला घाला. झेरॉक्सचं दुकान गावात आहे, प्रिंट तिथून काढता येईल.” तिथं विषय मिटला.

काय केलं

विंडोजला हात लावायच्या आधी एक गोष्ट करणं भाग होतं, आणि या प्रकरणात क्रम लई महत्त्वाचा होता. कॉम्प्युटरची नेटची वायर काढली. मग सगळे पासवर्ड बदलले ते मामींच्या मोबाईलवरून. त्या मोबाईलवर बाहेरून उतरवलेलं काही ॲप नव्हतं, त्याचे अपडेट चालू होते. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलले असते तर नवे पासवर्ड पण चोराच्या हातात गेले असते, आणि हे खूप जण करतात.

सुरुवात जीमेलपासून, कारण बाकी सगळ्या साइटचा ‘पासवर्ड विसरलो’चा मेल तिथंच येतो. नुसता पासवर्ड बदलून थांबलो नाही, गूगल खात्यात जाऊन बाकीचे सगळे डिव्हाइस साइन आउट केले, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी झाल्या. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना ते बघितलं, मेल दुसरीकडं फॉरवर्ड होत नाहीत ना तेही बघितलं. मग बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद करायला लावलं. मामा म्हणाले, व्यवहार तर एकही झाला नाही, बँकेला कशाला सांगायचं. पण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाचा तेव्हाचा हिशोब असा होता की ना बँकेची चूक ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणामुळं पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही येत नाही, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणानं गेले तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. म्हणजे लवकर कळवण्यातच आपलं हित. पैसे गेले असते तर पहिला फोन 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावला असता. इथं गेले नव्हते, म्हणून राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकली आणि तिचा नंबर लिहून ठेवला.

यानंतर सगळ्यात अवघड निर्णय आला. कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शाळेच्या पोरांच्या याद्या होत्या, आधार नंबरासहित, आणि शालार्थचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह. मामांना वाटत होतं पासवर्ड गुपचूप बदलावा, वर सांगितलं तर नोटीस येईल, सर्व्हिसच्या शेवटी डाग कशाला. मी त्यांना एवढंच म्हणलं की मामा, उद्या त्या लॉगिनवरून काही उलटं झालं तर ते तुमच्या नावावर निघेल, तेव्हा तुमच्याकडं दाखवायला काय असेल. रात्रभर ते त्यातच होते. सकाळी केंद्रप्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं, लेखी पण दिलं, सोबत पोर्टलच्या तक्रारीचा नंबर. वरून सूचना आली की पासवर्ड बदला आणि लॉगिनवर लक्ष ठेवा. नोटीस आली नाही. माझ्या मते या प्रकरणात मामांनी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय हा.

मग मशीन. फोटो, हळदीच्या हिशोबाच्या एक्सेल शीट आणि पीडीएफ एवढंच पेनड्राइव्हवर घेतलं, एकही सेटअप फाइल घेतली नाही, आणि तो पेनड्राइव्ह माझ्याकडच्या चांगल्या मशीनवर स्कॅन केला. विंडोज 11 चा इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवून दुसऱ्या 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर बनवला. इन्स्टॉल करताना इन्स्टॉलरनं आधी सांगितलं की हे मशीन चालणार नाही. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसणारा, मग अडलं कुठं? बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, इंटेल पीटीटी बंद होतं, म्हणून विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय दिसत नव्हती. ते चालू केलं, सिक्युअर बूट चालू केलं, आणि गाडी पुढं गेली. ज्यांना दुकानात ‘तुमच्या मशीनला 11 चालत नाही’ असं सांगितलंय त्यांनी हे एकदा बघावं.

पार्टिशनच्या स्क्रीनवर मामा म्हणाले, डी ड्राइव्ह ठेव, त्यात सगळी सॉफ्टवेअर हायेत. नेमकी तीच ठेवायची नव्हती. सी, डी, सगळे पार्टिशन उडवले.

नवीन विंडोजवर आधी अपडेट, दोन-तीनदा रिस्टार्ट होईपर्यंत. डिफेंडर चालू, एक्सक्लूजनची यादी रिकामी. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला नाही, घरच्या वापराला चालू आणि अपडेट होणारा डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे, ते पैसे बॅकअपच्या डिस्कला घालावेत. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं काढलं आणि रोजच्या वापराला मामांचं आणि पोरीचं साधं स्टँडर्ड खातं. आता बहुतेक सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं म्हणलं की ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो मामींकडं. याला पोरगी थोडी रुसली. पण क्रॅक डबल क्लिक करून चालवायचा आणि मध्ये कोणाला विचारायचं नाही, हे यामुळं आता सहसा जमत नाही.

डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय, आपोआप चालू झालं होतं. ते ठेवायचं का बंद करायचं यावर मी विचार केला, कारण 48 अंकी रिकव्हरी की हरवली आणि बायोसमध्ये काही बदल झाला तर आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही. ठेवलं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का ते मोबाईलवरून उघडून बघितलं, वर कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पेटीत ठेवली. पासवर्डसाठी पोरगी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी सांभाळणारं ॲप, वापरायली, मामांना ते जमेना, त्यांच्यासाठी डायरी. सगळीकडं एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा घरातल्या कपाटातली डायरी कितीतरी बरी, फक्त ती शाळेच्या पिशवीत न्यायची नाही. एनीडेस्क टाकलं नाही. मला काही बघायचं असलं तर विंडोजमधलंच क्विक असिस्ट वापरतो, त्यात त्यांनी त्या वेळी कोड टाकून परवानगी दिली तरच मला त्यांची स्क्रीन दिसते. राउटरच्या ॲडमिनचा आधीपासून आलेला पासवर्ड पण बदलला. बॅकअपला एक बाहेरची हार्डडिस्क, रविवारी लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात. सारखी लावून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की ती पण जाते. गावात लाइटीचं जे चालतं ते बघता यूपीएस तर लागतोच.

निकाल

पोरीचं इन्स्टा व्हिडिओ सेल्फी देऊन काही दिवसांनी परत मिळालं, तोवर ओळखीतल्या एकानं त्या स्टोरीवाल्याला पैसे पाठवून झाले होते. ते पोरीनं मनाला लई लावून घेतलं. त्याला 1930 वर तक्रार करायला लावली. मामांच्या खात्यातून काही गेलं नाही, शालार्थवर उलटसुलट काही दिसलं नाही. पोरांच्या याद्या मात्र त्या काळात बाहेर गेल्या असतील असंच धरून चालावं लागतं, गेलेली यादी कोणी परत आणून देत नाही. म्हणून मामांनी पालक मिटिंगमध्ये सांगितलं की शाळेचं नाव घेऊन कोणी स्कॉलरशिपसाठी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही.

दुकानदाराला मी भेटलो. भांडलो नाही, एक्सक्लूजनचा फोटो दाखवला. तो म्हणला, “साहेब, ओरिजनल टाका म्हणणारं गिऱ्हाईकच येत नाही.” ते खरं पण असेल. मी त्याला एवढंच सुचवलं की क्रॅक टाकायच्या ऐवजी लिनक्स टाकून दे किंवा रिकामं मशीन दे, पण डिफेंडर बंद करून माणसाच्या घरी पाठवू नको.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानातच बिल बनताना एक प्रश्न विचारायचा होता, यातलं विंडोज लायसन्सचं आहे का, असेल तर बिलावर लिहा. नाही म्हणला तर तिथंच हिशोब वेगळा झाला असता आणि प्रिंटरचे पैसे पहिल्याच दिवशी योग्य ठिकाणी गेले असते. घरी आल्यावर, एकही पासवर्ड टाकायच्या आधी, विंडोज सिक्युरिटी उघडून प्रोटेक्शन चालू आहे का, एक्सक्लूजनमध्ये काही आहे का आणि अपडेट येतात का, एवढं बघितलं असतं तर हे पुढचं काहीच झालं नसतं. पुसून परत टाकायचं काम तेव्हा पण करावं लागलं असतं, पण तेव्हा चोरायला काही नव्हतं.

दुसरं, लॉगिनचा मेल आला त्या दिवशी कोणी वाचला असता तर बराच वेळ वाचला असता. मामांच्या मोबाईलवर आता जीमेलचं नोटिफिकेशन चालू आहे, आधी ते बंद करून ठेवलेलं होतं.

तिसरं, शाळेचा डेटा घरच्या मशीनवर यायलाच नको होता. पण शाळेतल्या कॉम्प्युटरवर नेट चालत नाही, म्हणून मुख्याध्यापक घरून काम करतात, हे सगळीकडचं आहे, नुसतं मामांना बोलून उपयोग नाही. निदान याद्या काम झालं की डाउनलोडमधून काढायच्या आणि रिसायकल बिन रिकामा करायचा, हे त्यांनी सुरू केलंय.

शाळेतला कॉम्प्युटर अजून विंडोज 10 वर आहे आणि त्याचा प्रोसेसर 11 च्या यादीत बसत नाही. मायक्रोसॉफ्टचे वाढीव सिक्युरिटी अपडेट घरगुती मशीनला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच जाहीर झाले होते आणि शाळेच्या मशीनला ती घरगुती योजना लागू पण होत नाही. त्याच्यावर लिनक्स टाकायचं मामांनी ठरवलंय, पोरीच्या परीक्षा झाल्या की आम्ही दोघं जाऊन ते करणार आहोत.